ड्रॅक्युलाचा आवडता सिनेमा

ख्रिस्तोफर ली हे नाव घेतलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जिन्यावर उभा असलेला काळ्या झग्यातला उंच माणूस येतो. तांबारलेले डोळे, सुळे, हनुवटीवर ओघळलेलं रक्त. वाचणारा वयाने लहान असेल तर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला पांढऱ्या दाढीचा सारुमान येईल, नाहीतर स्टार वॉर्समधला काउंट डूकू. पण खुद्द लीला त्याच्या कामांबद्दल विचारलं की त्याच्या तोंडी दोन वेगळीच नावं यायची. सगळ्यांत चांगला सिनेमा म्हणून ‘द विकर मॅन’ आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणून ‘जिन्ना’. पहिल्यात तो एका स्कॉटिश बेटाचा जमीनदार आहे, सफरचंदांच्या बागा राखणारा. दुसऱ्यात तो मोहम्मद अली जीना आहे. होय, तेच. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे.

ड्रॅक्युला म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या नटाने अशी निवड का करावी? ‘कलावंत लहरी असतात’ म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. पण त्यामागे ब्रिटिश सिनेमाच्या धंद्याचं एक आख्खं गणित आहे, आणि ते कळलं की लीची आवड लहर वाटत नाही.

आधी माणूस समजून घेऊ. २७ मे १९२२ ला लंडनमध्ये जन्म. वडील लष्करात कर्नल, आई इटालियन सरदार घराण्यातली. तिची आजी मारी कॅरंडिनी ही ऑस्ट्रेलियात गाजलेली ऑपेरा गायिका. ली स्वतः इंग्रजीखेरीज फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश बोलायचा, आणि आवाज असा की खर्जातला तंबोरा. ऑपेरात गायचं त्याच्या मनात होतं, ते राहून गेलं. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात काम करून आल्यावर १९४७ मध्ये तो रँक या बड्या ब्रिटिश कंपनीत पगारी नट म्हणून लागला. पुढची दहा वर्षं किरकोळ कामं. कारण काय, तर उंची. सहा फूट पाच इंच माणूस नायकाशेजारी उभा केला तर नायक दिसणार कुठे? शिवाय चेहरा ‘परदेशी’ वाटतो, हीही तक्रार होतीच.

मग १९५७ मध्ये त्याच उंचीने त्याला काम दिलं. हॅमर नावाची छोटी कंपनी फ्रँकेन्स्टाइनची गोष्ट रंगीत करायला निघाली होती आणि राक्षसासाठी धिप्पाड माणूस हवा होता. उमेदवार दोन होते म्हणतात, त्यात लीच्या एजंटने मागितलेली रोजची रक्कम थोडी कमी होती, म्हणून तो लागला. एक अडचण होती. बोरिस कार्लॉफ या नटाने रंगवलेला चौकोनी कपाळाचा प्रसिद्ध राक्षस युनिव्हर्सल कंपनीच्या मालकीचा, त्या रंगभूषेची नक्कल केली तर कोर्टात खेचतील. म्हणून रंगभूषाकार फिल लीकीने वेगळाच चेहरा बनवला, अपघातात सापडून कसाबसा शिवलेल्या माणसासारखा. संवाद? एकही नाही. लीने सहकलाकार पीटर कुशिंगकडे तक्रार केली की मला एक वाक्यसुद्धा नाही. कुशिंग म्हणाला, नशीबवान आहेस, मी संहिता वाचलीय. दोघांची दोस्ती तिथून जमली आणि पुढे वीसहून जास्त सिनेमे एकत्र झाले.

पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये, ‘ड्रॅक्युला’ आला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, फ्रँकेन्स्टाइनचा सिनेमाही त्याचाच. इथे लीला बोलायला मिळालं, पण किती? सुरुवातीला वाड्यावर आलेल्या पाहुण्याशी काउंट चार गोष्टी बोलतो, तेवढंच. ते संपलं की सबंध सिनेमाभर एक शब्द नाही. फिस्कारणं, टक लावून बघणं, झग्याची झेप. ऐंशी मिनिटांच्या सिनेमात तो पडद्यावर असतो दहा मिनिटांच्याही आत. तरी त्या दहा मिनिटांनी त्याचा जन्म व्यापला. १९५९ मध्ये ममीच्या भूमिकेत पुन्हा अंगभर पट्ट्या गुंडाळून जवळजवळ मुका. १९६६ च्या ड्रॅक्युलात तर अख्ख्या सिनेमात संवादच नाही. ली सांगायचा, वाक्यं इतकी भिकार होती की मी ती बोलायला नकार दिला. लेखक जिमी सँगस्टर म्हणायचा, मी लिहिलीच नव्हती. खरं-खोटं त्या दोघांनाच ठाऊक. आपल्यासाठी मुद्दा असा की, ज्याची सगळी दौलत गळ्यात होती त्याला मुका ठेवून जगाने डोक्यावर घेतलं.

आता गणिताकडे येऊ. लीला ड्रॅक्युला नको होता, तर १९७३ पर्यंत हॅमरसाठी सात वेळा त्याने तो झगा का चढवला?

हॅमरचं बस्तान थेम्स नदीकाठच्या ब्रे गावातल्या एका जुन्या बंगल्यात होतं. मोठ्या स्टुडिओचं भाडं नाही, नोकरमाणसं ठरलेली, सेट तर पुन्हा पुन्हा वापरायचे. १९६६ च्या ड्रॅक्युलाचा वाडा उभा होता तोवरच त्याला थोडा रंग फासून रास्पुटिनवरचा सिनेमा उरकला, त्यातही मुख्य काम लीचंच. आपल्याकडे एका मांडवात दोन मुंजी उरकतात, तसला हा प्रकार.

पैसा यायचा दोन वाटांनी. पहिली वाट सरकारी. त्या काळी ब्रिटनमध्ये सिनेमाच्या प्रत्येक तिकिटावर एक छोटी वर्गणी कापली जायची, तिला ईडी लेव्ही म्हणत. १९५७ पासून ती कायद्याने सक्तीची झाली आणि १९८५ पर्यंत चालली. जमलेल्या रकमेतला वाटा ब्रिटनमध्ये बनलेल्या सिनेमांना मिळायचा, तोही गल्ल्याच्या प्रमाणात. म्हणजे ज्याने जास्त तिकिटं खपवली त्याला जास्त. सरकारचा हेतू होता की हॉलिवूडच्या लाटेत देशी सिनेमा बुडू नये. झालं असं की अमेरिकी कंपन्यांनी हिशेब मांडला आणि ब्रिटनमध्येच सिनेमे काढायला पैसा पुरवायला लागल्या, कारण इथे बनवला की वरकड मिळते.

दुसरी वाट म्हणजे हेच अमेरिकी पैसेवाले. त्यांना सिनेमा विकायचा तो बनण्याआधी. हॅमरचे प्रमुख जेम्स कॅरेरास या कामात पटाईत. आधी शीर्षक ठरवायचं, झगझगीत पोस्टर रंगवून घ्यायचं, ते घेऊन जायचं, पैसे उभे करायचे आणि मग गोष्ट लिहायला बसायचं. असा सौदा करताना समोरच्याला एका दमात कळेल अशी गोष्ट हातात लागते. ‘ड्रॅक्युला, रंगीत, ख्रिस्तोफर लीसह’ यात सगळं आलं. त्यातला ली काढला तर सौदा मोडतो.

ली मुलाखतींत सांगायचा की तो नकार द्यायचा, मग कंपनीतून फोन यायचा. अरे, तुझ्या नावावर सिनेमा विकलाय. तू नाही म्हणालास तर इतक्या लोकांचा रोजगार जाईल, विचार कर. ब्रे गावातल्या सुतार-शिंप्यांची नावं-चेहरे ओळखीचे, मग तो पाघळायचा. यात अर्थात त्याला मिळणारे पैसेही होते. ते तो जरा हळू आवाजात सांगायचा, असं मला वाटतं. हॅमरने परदेशी चलन इतकं कमावलं की १९६८ मध्ये कंपनीला उद्योगक्षेत्रासाठीचा राणीचा पुरस्कार मिळाला. रक्ताच्या निर्यातीबद्दल सन्मान झालेली दुसरी कंपनी माझ्या ऐकण्यात नाही.

‘शिक्का बसणं’ म्हणतो ते हेच. प्रेक्षक डोक्याने कमी पडतात म्हणून शिक्का बसतो असं नटांना वाटत असतं. प्रेक्षकांचा वाटा आहेच. आपले निळूभाऊ फुले राष्ट्र सेवा दलात घडलेले, साधे, पण पडद्यावर पाटील होऊन आले की थिएटरातल्या बायका बोटं मोडायच्या. पण शिक्का मारणारा हात बहुतेक वेळा पैसा लावणाऱ्याचा असतो. जो चेहरा गेल्या खेपेला चालला तो चेहरा म्हणजे त्याच्या लेखी विमा.

या पार्श्वभूमीवर लीच्या आवडत्या सिनेमांची यादी पाहिली की एक सूत्र दिसतं. त्या सगळ्यांत तो बोलतो. भरपूर बोलतो.

१९६८ चा ‘द डेव्हिल राइड्स आउट’ घ्या. हाही हॅमरचाच, दिग्दर्शक पुन्हा फिशर, पण इथे ली नायक आहे. ड्यूक द रिशलो हा फ्रेंच सरदार सैतानपूजकांच्या तावडीतून आपल्या तरुण मित्राला सोडवतो. डेनिस व्हीटलीच्या कादंबरीवर सिनेमा काढा म्हणून हॅमरच्या मागे लागणाऱ्यांत ली स्वतः होता. जमिनीवर आखलेल्या रिंगणात चार माणसं रात्रभर बसून आहेत आणि बाहेरून एकेक भास चाल करून येतोय, तो प्रसंग आजही चांगला आहे. फक्त त्यातला राक्षसी कोळी बघून हसू येतं. लीलाही ते खुपायचं. नव्या तंत्राने हा सिनेमा परत करायला हवा, असं तो म्हातारपणीही म्हणायचा.

१९७० मध्ये हॉलिवूडचा दिग्दर्शक बिली वाइल्डरने त्याला शेरलॉक होम्सच्या थोरल्या भावाचं, मायक्रॉफ्टचं काम दिलं. काम छोटं, पण हुशार, तिरकस बोलणाऱ्या माणसाचं. साचा फुटायला तिथून सुरुवात झाली असं तो मानायचा.

आणि मग ‘द विकर मॅन’. इथे जरा थांबायला हवं.

विकर म्हणजे वेतासारख्या लवचीक फांद्यांचं विणकाम. शीर्षकातला माणूस तसा विणलेला आहे. कशासाठी, ते सिनेमा न पाहिलेल्यांना सांगणं पाप आहे. गोष्ट अशी: एका मुलीचा पत्ता नाही, अशी निनावी चिठ्ठी येते म्हणून सार्जंट हॉवी हा कट्टर ख्रिस्ती पोलीस समरआयल नावाच्या बेटावर चौकशीला येतो. गावकरी म्हणतात अशी मुलगीच नव्हती. हळूहळू त्याच्या लक्षात येतं की इथे कुणी ख्रिस्ताला मानत नाही. सूर्य, पेरणी, सुगी यांची जुनी पूजा चालते आणि साऱ्याचा यजमान आहे लॉर्ड समरआयल, म्हणजे ली. रक्त जवळजवळ नाही. भूत तर नाहीच. गाणी आहेत, नाच आहेत, उजेड आहे. भीती कशाची, तर एक अख्खं गाव हसतमुखाने एका गोष्टीवर विश्वास ठेवतंय आणि तुम्ही एकटेच ठेवत नाही आहात. या जातीच्या भयपटांना आज वेगळं नाव आहे, लोकपरंपरेतला भयपट म्हणा, आणि त्या जातीचा हा मोठा आधार मानला जातो.

लीला पीळदार मिश्या नाहीत, दात नाहीत, रंगभूषा नाही. लोकरी सूट घालून तो पोलिसाशी धर्मावर वाद घालतो, तोही इतक्या सौजन्याने की सार्जंट जास्तच चिडतो. पटकथा अँथनी शॅफरची, दिग्दर्शक रॉबिन हार्डी. पैसा पाच लाख पौंडांहून कमी, म्हणून लीने मानधन घेतलंच नाही. गोष्ट मे महिन्यातल्या सणाची, पण चित्रीकरण झालं १९७२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, कडाक्याच्या थंडीत. झाडांना खोटा मोहर चिकटवला. बोलताना तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नटांनी बर्फाचे तुकडे चघळले.

नंतर जे घडलं ते लीच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. ब्रिटिश लायन ही निर्मिती कंपनी मधल्या काळात हातबदल होऊन नव्या मंडळींकडे गेली आणि त्यांना हा सिनेमा कसा विकावा तेच कळेना. कापून तो जेमतेम ८८ मिनिटांचा केला आणि १९७३ मध्ये एका तिकिटात दोन खेळ असतात तसा दुसऱ्या सिनेमाच्या शेपटाला बांधला. आपली उत्तम वाक्यं कात्रीत गेली, म्हणून ली संतापला. समीक्षकांना स्वतः फोन करून ‘बघा तरी, तिकीट मी काढतो’ म्हणायची त्याची तयारी होती. गाळलेल्या भागाच्या निगेटिव्ह कुठे गेल्या, याची दंतकथा झाली. त्या लंडनहून निघणाऱ्या एम-थ्री महामार्गाच्या भरावात गाडल्या गेल्या, असं सांगतात आणि लीही ते रंगवून सांगायचा. सुदैवाने कापाकापीआधीची एक प्रत सल्ल्यासाठी अमेरिकी निर्माता रॉजर कॉर्मनकडे गेली होती. तिच्यावरून बराचसा सिनेमा परत जोडता आला. २०१३ मध्ये हार्वर्डच्या संग्रहात सापडलेल्या प्रतीवरून हार्डीच्या मान्यतेने आणखी एक आवृत्ती निघाली. पण लीच्या म्हणण्याप्रमाणे त्याने केलेलं सगळं काम पडद्यावर कधीच परत आलं नाही. आवडता सिनेमा आणि अर्धामुर्धा हरवलेला सिनेमा एकच असेल, तर त्या आवडीत किती आवड आणि किती हळहळ, हे वेगळं काढता येत नाही.

‘जिन्ना’ हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आणि आपल्या जवळचं. १९९८ चा हा सिनेमा जमील देहलवीने दिग्दर्शित केला. कराचीत चित्रीकरण झालं तेव्हा ली पंचाहत्तरीत होता. कल्पना अशी की मृत्यूनंतर जीनांचा हिशेब तपासायचा आहे आणि एक मार्गदर्शक त्यांना त्यांच्याच आयुष्यातून फिरवून आणतो. हा मार्गदर्शक म्हणजे जुहूला पृथ्वी थिएटर उभारणारे आपले शशी कपूर. त्यांच्या अगदी शेवटच्या कामांपैकी हे एक.

पाकिस्तानात वर्तमानपत्रांनी रान उठवलं. कायदे-आझम यांचं काम ड्रॅक्युला करणार? आणि सोबत भारतीय नट? सरकारने कबूल केलेला पैसा मागे घेतला, लीला अंगरक्षक द्यावे लागले. गंमत अशी की त्याच देशात, लाहोरात, १९६७ मध्ये ‘जिंदा लाश’ नावाचा सिनेमा निघाला होता, सरळसरळ लीच्या ड्रॅक्युलावर बेतलेला. म्हणजे शिक्का तिथेही पोचलेला होता, घरचाच माल होता.

ली या कामाला आपली सर्वांत मोठी जबाबदारी म्हणायचा. का, ते जीनांचं मुंबईतलं आयुष्य माहीत असलेल्याला लवकर कळतं. हा माणूस मूळचा वकील, शब्दांवर जगलेला. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोही भाषणांबद्दल जामिनाची कारवाई झाली तेव्हा मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहून ती रद्द करवून घेणारे बॅरिस्टर जीनाच. पेटिट घराण्यातल्या रत्ती त्यांच्या पत्नी, त्यांची कबर माझगावला आहे. त्याच माणसाने पुढे देशाचे दोन तुकडे होण्याच्या मागणीचं नेतृत्व केलं. आपल्याकडच्या वाचकाला त्यांच्याविषयी ममत्व वाटायचं कारण नाही, पण नटासाठी हे काम म्हणजे मेजवानी आहे: कोरडा, ताठ, आतून जळणारा माणूस, ज्याचं सगळं शस्त्र म्हणजे वाक्य. शेवटी सिनेमात चक्क एक काल्पनिक खटलाही आहे, माउंटबॅटनची उलटतपासणी.

सिनेमा म्हणून ‘जिन्ना’ मला डळमळीत वाटतो. परलोकातल्या कचेरीची कल्पना विनोदी होते आणि फाळणीची दृश्यं आली की तो विनोद घशात अडकतो. जीनांची बाजू मांडायची घाईही लपत नाही. पण ली बोलायला लागला की सिनेमाला कणा येतो.

इथवर माझं सूत्र व्यवस्थित चाललं होतं. भयपटांचा अमेरिकी नट व्हिन्सेंट प्राइसही त्यात बसतो. लीचा आणि त्याचा वाढदिवस एकच, २७ मे. त्याचं लाडकं काम १९७३ च्या ‘थिएटर ऑफ ब्लड’मधलं, कारण त्यात समीक्षकांचे मुडदे पाडता पाडता शेक्सपिअरची स्वगतं म्हणायला मिळाली. पण कार्लॉफ आडवा येतो. तो लीचा लंडनमधला शेजारी, वयाने पस्तीस वर्षांनी मोठा. त्याचा १९३१ चा राक्षस मुकाच होता. १९३५ मध्ये पुढच्या भागात राक्षसाला बोलतं करायचं ठरलं, तर विरोध कुणी करावा? कार्लॉफनेच. राक्षस बोलला की त्याची जादू जाते, असं त्याचं म्हणणं. शिक्क्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही, राक्षसाला तो आपला जिवलग मित्र म्हणायचा.

फरक बहुधा पोटाचा आहे. कार्लॉफला राक्षस मिळाला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता, पाठीशी किरकोळ कामांचे कितीतरी सिनेमे आणि पोटासाठी केलेली हमाली, ट्रक हाकणं. ज्याला भाकरी मिळाली तो तिच्या आकाराबद्दल भांडत नाही. (जाता जाता: कार्लॉफचं मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील भारतात मिठाच्या खात्यात नोकरीला होते आणि आईची मावशी म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिकवायला गेलेली प्रसिद्ध अ‍ॅना लिओनोवेन्स, जन्म अहमदनगरचा. भयपटाच्या इतिहासात नगर असं येतं.)

आणि एक कबुली. १९५८ चा ड्रॅक्युला मी परत पाहिला, तेव्हा मला कार्लॉफचं पटलं, लीचं नाही. तो सिनेमा चालतो तो काउंट गप्प होतो म्हणूनच. पहिल्या भेटीत तो झपझप जिना उतरून येतो, आपलं नाव सांगतो, माझ्या घरी आपलं स्वागत आहे म्हणतो, अगदी घाईत असलेल्या सभ्य यजमानासारखा, आणि पाहुण्याची बॅग स्वतः उचलतो. सौजन्याची ती दोन-चार वाक्यं कानात असतात म्हणून पुढचं फिस्कारणं अंगावर येतं. समरआयलचा लॉर्डही पाहुण्याशी असाच गोड बोलतो. दोन्ही सिनेमे लागोपाठ दोन रात्री पाहावेत. ‘विकर मॅन’ मात्र २०१३ ची आवृत्ती मिळाली तरच.